सेरेंगेटीचा हिशेब: माणशी किती, गाडीमागे किती

घरातल्या सहा जणांसाठी मी टांझानियातल्या अरुशा शहरातल्या तीन सफारी कंपन्यांना एकच पत्र पाठवलं होतं. चार दिवस, तीन मुक्काम, सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरो. उत्तरं आली ती माणशी १,१५० डॉलर, १,३८० डॉलर आणि २,७०० डॉलर अशी. सिंह तिघांचे तेच, जंगल तेच, गाडीही टोयोटाची लँड क्रूझरच. मग फरक कुठे पडला, हे शोधायला मला आठवडा लागला. तो आठवडा तुमचा वाचावा एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

आधी जागेचा आवाका बघा. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचं आहे. म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहून किंचित लहान, आणि त्यात राहायला माणसं नाहीत. ताडोब्याचा गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा. त्यामुळे ताडोब्यासारखं सकाळी चार तास फिरून रिसॉर्टवर परत येऊन पोहे खायचे, असा प्रकार इथे नसतो. सकाळी सहाला निघायचं, जेवणाचा डबा गाडीतच, आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला मुक्कामावर. एका दिवसाचे पैसे मोजता तेव्हा खरोखरच दिवसभराचं जंगल मिळतं, ही जमेची बाजू.

खर्चाचे भाग दोन. काही पैसे डोकी मोजून घेतले जातात, काही गाडीमागे. डोकी मोजून घेतलेल्या पैशात कितीही घासाघीस केलीत तरी फारसं सुटत नाही, कारण त्यातला बराचसा भाग सरकारी दराचा असतो. गाडीमागचा पैसा मात्र माणसं वाढतील तसा वाटला जातो. कोणतंही कोटेशन हाती आलं की प्रत्येक ओळीपुढे 'माणशी' की 'गाडीमागे' एवढं पेन्सिलीने लिहा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

सरकारी तिकिटं

सेरेंगेटीचं परदेशी प्रौढाचं प्रवेशशुल्क ७० डॉलर, त्यावर १८ टक्के मूल्यवर्धित कर, म्हणजे ८२.६० डॉलर. हे तिकीट २४ तासांचं असतं. तुम्ही दुपारी तीनला नाबी हिल गेटमधून आत शिरलात, तर दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला पुढच्या २४ तासांचा मीटर सुरू होतो. परतीच्या दिवशी बिबट्या झाडावरून उतरायची वाट बघत बसलात आणि गेटवर तासभर उशीर झाला, तर माणशी आणखी एका दिवसाचे पैसे पडू शकतात. सेरोनेरा या मधल्या भागातून नाबी हिलला पोचायला तासापेक्षा जास्त लागतो. ड्रायव्हर घड्याळाकडे बघून घाई करायला लागला तर त्याच्यावर चिडू नका, तो तुमचेच पैसे वाचवतो आहे.

उद्यानाच्या आत राहिलात की मुक्कामाचं शुल्क वेगळं. लॉज किंवा तंबूंच्या कॅम्पसाठी माणशी ६० डॉलर अधिक कर, म्हणजे एका रात्रीचे ७०.८० डॉलर. सार्वजनिक कॅम्पसाइटवर स्वतःचा किंवा कंपनीचा तंबू ठोकलात तर हेच ३० डॉलर अधिक कर. कॅम्पचं भाडं याच्यावर असतं. कोटेशनमध्ये 'मुक्काम धरून' असं लिहिलेलं असलं तरी हे शुल्क त्यात आहे का, हे विचारावंच लागतं.

आता खरी मेख. अरुशाहून सेरेंगेटीला जाणारा नेहमीचा रस्ता न्गोरोंगोरो संवर्धन क्षेत्रातून जातो आणि त्या क्षेत्राचं प्रशासन वेगळं, तिकीट वेगळं. माणशी ६० डॉलर अधिक कर. तुम्ही तिथे थांबा, फिरा किंवा झोपून प्रवास करा, नुसतं पार जायला हे पैसे पडतात, आणि येताना पुन्हा. बाहेर करातू गावी मुक्काम करून दुसऱ्या दिवशी न्गोरोंगोरोच्या विवरात उतरायचं ठरवलंत तर तिसऱ्यांदा. विवरात उतरण्याचं शुल्क आणखी वेगळं. गाडीमागे २५० डॉलर अधिक कर, म्हणजे २९५ डॉलर. हे मात्र गाडीमागे असल्यामुळे सहा जणांत माणशी ४९ डॉलर होतात, दोघांत १४७.

आमच्या चार दिवसांचा नुसता सरकारी हिशेब असा झाला: सेरेंगेटीची २४ तासांची दोन तिकिटं १६५ डॉलर, दोन रात्रींचं मुक्कामशुल्क १४२, न्गोरोंगोरोचं तिकीट तीनदा मिळून २१२, विवराचा वाटा ४९. एकूण ५६८ डॉलर. डॉलर ९० रुपयांचा धरला (या लेखात सगळीकडे तोच धरला आहे) तर एक्कावन्न हजार रुपये. गाडीत पेट्रोलचा थेंब पडायच्या आधी, आणि ताटात भात वाढायच्या आधी. तेव्हा पाच दिवसांची सेरेंगेटी सत्तर हजारांत देणारी जाहिरात दिसली तर ती सेरेंगेटी नसते, किंवा पाच दिवस नसतात.

आमचं १,१५० डॉलरचं स्वस्त कोटेशन असंच निघालं. त्यात सरकारी शुल्कं करासकट नव्हती, आणि विवराच्या शुल्कापुढे बारीक अक्षरात 'ऐच्छिक' लिहिलं होतं. दोन्ही मिळवल्यावर आकडा तेराशेला टेकला. १,३८० वाल्याने सगळं आधीच धरलं होतं. २,७०० वाल्याचं सोपं होतं: मुक्काम आलिशान कॅम्पमध्ये, आणि जाणं-येणं छोट्या विमानाने.

मुलांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना प्रवेशशुल्क २० डॉलर अधिक कर, पाचच्या आतल्यांना काहीच नाही. सोळा पूर्ण झाली की पूर्ण तिकीट, आणि वय पासपोर्टवर बघतात. घरात नववीतलं मूल असेल तर सहल 'दहावी झाल्यावर बक्षीस' म्हणून न ठेवता आधीच उरका. चार दिवसांत दोनशे डॉलरच्या वर फरक पडतो.

हे दर टांझानियाचं आर्थिक वर्ष सुरू होताना, म्हणजे जुलैत, बदलू शकतात. तुमचा प्रवास जुलैच्या पुढचा असेल आणि कोटेशन आधीचं, तर दरवाढ कोणी सोसायची हे लिहून घ्या.

गाडी आणि माणसं

वर छत उचललं जाणारी, खिडकीशी सहा-सात जागा असलेली लँड क्रूझर, इंधन आणि ड्रायव्हर-गाइड धरून दिवसाला साधारण २०० ते २५० डॉलर. २३० धरा. चार दिवसांचे ९२० डॉलर. सहा जण असाल तर माणशी १५३, दोघं असाल तर ४६०. सेरेंगेटी नवराबायकोला महाग पडते आणि कुटुंबाला त्या मानाने परवडते, त्याचं कारण एवढंच. विहीण-व्याह्यांना सोबत घ्या, ऑफिसातले मित्र जमवा, पण गाडी भरा. सहाच्या वर मात्र जाऊ नका. सातवा माणूस मधल्या जागेवर येतो आणि चार दिवस दुसऱ्यांच्या पाठी बघतो.

दोघंच असाल तर अनोळखी लोकांबरोबर गाडी वाटून घेण्याची सोय अरुशात सहज मिळते. पैसे वाचतात. पण एकाला पक्षी बघायचे असतात, एकाला सिंह सोडून काही नको असतं, आणि तिसऱ्याला दर अर्ध्या तासाने गाडी थांबवायची असते. मला विचाराल तर तरुणांनी हे करावं, साठीच्या पुढच्यांनी करू नये.

अरुशा ते सेरोनेरा सव्वातीनशे किलोमीटर आहे. करातूपर्यंत डांबरी रस्ता, पुढे खडबडीत कच्चा. सात-आठ तास हाडं खिळखिळी होतात. कंबरेचं दुखणं असणाऱ्यांनी एका बाजूने तरी छोट्या विमानाचा विचार करावा. एका फेरीचे माणशी दोनशे डॉलरच्या पुढे जातात, पण न्गोरोंगोरोचं एक वेळचं पारगमन वाचतं. त्या विमानात सामान १५ किलोच चालतं, तेही मऊ पिशवीत. चाकाच्या टणक बॅगा अरुशाच्या हॉटेलात ठेवाव्या लागतात.

न्गोरोंगोरोचे पैसे पूर्ण वाचवायचे असतील तर पश्चिमेकडून, म्वांझा शहराच्या बाजूने न्डाबाका गेटमधून शिरता येतं. कागदावर हे फार छान दिसतं. पण बहुतेक गाड्या अरुशाच्या, त्या रिकाम्या तिकडे आणायचे पैसे तुम्हीच देता. शिवाय विवर चुकतं. सेरेंगेटीपर्यंत जाऊन न्गोरोंगोरोचं विवर न बघणं हा माझ्या मते वाईट सौदा आहे.

मुक्कामाच्या भाड्याची पट्टी फार लांब आहे. सार्वजनिक कॅम्पसाइटवर स्वयंपाक्यासह तंबू घेतलात तर सगळ्यात स्वस्त. मात्र रात्री तंबूबाहेर तरस हुंगत फिरतो आणि स्वच्छतागृह चाळीस पावलांवर असतं, हे आईवडिलांना आधी सांगा. मधल्या दर्जाच्या तंबूंच्या कॅम्पमध्ये पलंग, संडास-बाथरूम, गरम पाणी, तिन्ही वेळचं जेवण मिळून माणशी १५० डॉलरच्या आसपासपासून सुरुवात होते. वर मर्यादा नाही. जास्त पैशात जास्त प्राणी दिसत नाहीत, ही गोष्ट एजंट सांगत नाहीत. प्राणी दाखवतो तो ड्रायव्हर-गाइड. मुक्कामात दोन पायऱ्या उतरा, पण अनुभवी गाइडसाठी हट्ट धरा.

कधी जायचं

तेरा ते पंधरा लाख विल्डबीस्ट, त्यांच्याबरोबर झेब्रे आणि गॅझेल, वर्षभर पावसामागे गवत शोधत गोल फिरत असतात. जानेवारी ते मार्च ते दक्षिणेला न्डुटूच्या गवताळ माळावर असतात आणि फेब्रुवारीत तिथे पिल्लांचा सडा पडतो. जूनच्या सुमाराला पश्चिमेला ग्रुमेटी नदी, जुलै ते ऑक्टोबर उत्तरेला मारा नदी. टीव्हीवर मगरींच्या तोंडून निसटणारे कळप दिसतात ते या उत्तरेकडचे. ते बघायला कोगाटेंडे भागात मुक्काम हवा. तो सेरोनेराहून आणखी बराच दूर, म्हणजे किमान दोन दिवस जादा, आणि भाडी वर्षातली सर्वांत चढी. नदी ओलांडणं तुमच्या तारखेला होईलच असं नाही. काठावर सहा तास बसून कळप माघारी फिरलेला बघणारे लोक कमी नसतात.

न्डुटूबद्दल एक बारकावा. हा भाग बहुतांशी न्गोरोंगोरो संवर्धन क्षेत्रात मोडतो, सेरेंगेटी उद्यानात नव्हे. फेब्रुवारीत तिथे राहत असाल तर पूर्ण मुक्काम तिथेच ठेवा. रोज हद्द ओलांडून सेरोनेराकडे जायचं म्हटलं तर एकाच दिवशी दोन्हीकडची तिकिटं लागतात.

आपली उन्हाळी सुट्टी एप्रिल-मेमध्ये येते, आणि तिकडे तेव्हा मोठा पाऊस असतो. १५ मार्च ते १५ मे या काळात प्रवेशशुल्क ७० ऐवजी ६० डॉलर. खरी बचत कॅम्पच्या भाड्यात, ती भरपूर उतरतात. तोटे: काही कॅम्प बंद, आणि काही भागांत आपल्यासारखीच रेगडी काळी माती. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना ती पावसात चाकं कशी धरते ते सांगायला नको. तरीही शाळकरी मुलांच्या पालकांना मी सांगेन, मेमध्ये जा. सेरोनेराचे सिंह आणि बिबटे कुठे स्थलांतर करत नाहीत, गवत हिरवं असतं, आणि एका सिंहाभोवती वीस गाड्या उभ्या नसतात.

इथूनच करायच्या गोष्टी

मुंबईहून किलिमांजारो विमानतळापर्यंत अदिस अबाबा, नैरोबी किंवा दोहामार्गे जाता येतं. आधी काढलं तर जाऊन-येऊन पंचेचाळीस ते सत्तर हजारांत तिकीट बसतं. ई-व्हिसा भारतीयांना ५० डॉलर. गुगलवर शोधलं की आधी दलालांची संकेतस्थळं वर येतात, हुबेहूब सरकारी दिसतात आणि दुप्पट पैसे घेतात. खऱ्या सरकारी पत्त्याच्या शेवटी 'गो डॉट टीझेड' असतं, ते बघूनच कार्डाचा नंबर टाका. पुढे झांझिबारच्या किनाऱ्यावर दोन दिवस काढायचे असतील तर तिथला सक्तीचा विमा माणशी ४४ डॉलर. तुमचा भारतातला प्रवास विमा असला तरी तो काढावाच लागतो.

पिवळ्या तापाची लस हा विषय मधल्या विमानतळावर अवलंबून आहे. इथिओपिया आणि केनिया हे पिवळ्या तापाच्या यादीतले देश. तिथे बारा तासांहून जास्त थांबा असेल, किंवा सहलीत केनियाही जोडलेला असेल, तर टांझानियात शिरताना प्रमाणपत्र मागतात. परत येताना आपल्या विमानतळावरचा आरोग्य अधिकारीही मागू शकतो, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा त्याला अधिकार आहे. लस एकदा घेतली की आयुष्यभर चालते, पण प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. साठीच्या पुढच्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. मलेरियाच्या गोळ्यांबद्दलही त्याच भेटीत विचारून घ्या.

पॅकेज भारतातल्या एजंटकडून घेतलंत तर बिलात जीएसटी आणि टीसीएस अशा दोन ओळी दिसतील. जीएसटी गेला तो गेला. टीसीएस मात्र तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. त्याचे दर अर्थसंकल्पात बदलत आले आहेत, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर विचारा. थेट अरुशाच्या कंपनीला पैसे पाठवणार असाल तर बँकेतून पाठवा. मधल्या बँकांचं शुल्क कोण भरणार ते आधी ठरवा, नाहीतर तिकडे तीस-चाळीस डॉलर कमी पोचतात आणि ते गेटवर तुमच्याकडून रोख मागितले जातात. आमच्याकडून मागितले होते. कंपनीकडे पर्यटनाचा सरकारी परवाना आहे का आणि ती टांझानियाच्या सफारीचालकांच्या संघटनेची, टाटोची, सभासद आहे का, हे तपासायला दहा मिनिटं लागतात.

रोख डॉलर नेताना नोटा नव्या आणि न फाटलेल्या घ्या, जुन्या छपाईच्या नोटा तिकडे घेत नाहीत. बक्षिसी हा तिकडे पगाराचाच भाग समजला जातो. ड्रायव्हर-गाइडला गाडीमागे दिवसाला २० ते ३० डॉलर, स्वयंपाकी असेल तर त्याला त्याच्या निम्मे. सहा जणांत माणशी फार पडत नाही. शेवटच्या दिवशी पाकिटात घालून हातात द्या.

फराळाचं सामान नेणारच, म्हणून सांगतो. टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. चिवडा, लाडू, भाकरवडी स्टीलच्या डब्यात किंवा कापडी पिशवीत न्या, दुकानाच्या कॅरीबॅगा घरीच काढून ठेवा. शाकाहारी असाल तर नुसतं 'व्हेज' लिहून भागत नाही, अंडं आणि मासे चालत नाहीत हेही लिहा, नाहीतर दुपारच्या डब्यात उकडलेलं अंडं हमखास निघतं. चपाती मात्र सगळीकडे मिळते, आणि स्वाहिलीतही तिला चपातीच म्हणतात. गाडीलाही 'गारी'.

कपडे निळे आणि काळे नकोत. त्से-त्से माशी त्या रंगांवर धावते. तिला पकडायचे सापळेसुद्धा निळ्या-काळ्या कापडाचे असतात, ते वाटेत झाडांना लटकलेले दिसतील. महागडे सफारी बूट, खिशाखिशांची जाकिटं काही लागत नाही. दुर्बीण मात्र माणशी एक हवी, यात काटकसर करू नका. सहा जणांत एक दुर्बीण असली की ती हातात येईपर्यंत चित्ता गवतात गेलेला असतो. मोठी लेन्स विकत घेण्यापेक्षा आठवड्याची भाड्याने घ्या. तिच्या टेकूला अरुशात दोन किलो तांदूळ घेऊन कापडी पिशवीत भरा, येताना ते ड्रायव्हरला देऊन टाका.

फुग्यातून सफारीचा आग्रह होईल. माणशी साधारण सहाशे डॉलर, म्हणजे चोपन्न हजार, तासभर हवेत आणि खाली उतरल्यावर नाश्ता. सुंदर असेल, पण तेवढ्या पैशात तुमची सफारी एका दिवसाने सहज वाढते. मी तो वाढवलेला दिवस घेईन. रस्त्यालगतच्या मसाई वस्तीची भेटही गाडीमागे पैसे घेऊन होते. नाच, झोपडी आणि मण्यांचं दुकान असा ठरलेला कार्यक्रम असतो. नाही पाहिलात तरी चालेल. ओल्डुवाई घळीजवळचं संग्रहालय मात्र वाटेवरच आहे. मेरी लीकी यांना १९५९ मध्ये आदिमानवाची कवटी सापडली ती याच घळीत. वेगळं तिकीट काढून तासभर थांबण्यासारखं आहे.

आता बेरीज. सहा प्रौढ, चार दिवस, मधल्या दर्जाचा मुक्काम: सरकारी शुल्क ५६८ डॉलर, गाडी १५३, मुक्काम-जेवण ४५०, त्यावर कंपनीचा पंधरा टक्के नफा धरला की साडेतेराशे डॉलरच्या आसपास, म्हणजे एक लाख एकवीस हजार. विमान पंचावन्न हजार, व्हिसा साडेचार, विमा-लस-औषधं सहा, अरुशातल्या दोन रात्री, विमानतळाची ने-आण, बक्षिसी आणि किरकोळ मिळून दहा हजार. माणशी दोन लाखांच्या थोडं आत. हीच सहल दोघांनी केली तर माणशी दोन लाख चाळीस-पंचेचाळीस हजार.

पत्र पाठवताना कंपनीला एवढंच विचारा. सगळी सरकारी शुल्कं करासकट धरली आहेत का? न्गोरोंगोरोचं तिकीट किती वेळा धरलं आहे? उद्यानातलं मुक्कामशुल्क आणि विवराचं शुल्क आत आहे का? गाडीत जास्तीत जास्त किती माणसं बसवणार? कॅम्प उद्यानाच्या हद्दीत आहे की बाहेर, आणि त्याचं नाव काय? उत्तर फोनवर आलं तर ते लेखी मागा. दोन दिवसांत लेखी आलं नाही, तर पुढच्या कंपनीला पत्र टाका. अरुशात सफारीवाल्यांची कमी नाही.